नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स, इंडियाना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इंडियाना राज्याच्या मध्य, पूर्व व उत्तर-मध्य भागांतील हायस्कूलांचे एक क्रीडामंडळ. स्थापना १९२६. अँडरसन, कोकोमो, लाफीएट, लोगन्सपोर्ट, मॅरियन, मन्सी, न्यू कॅसल व रिचमंड या आठ शहरांतील शाळा हा या मंडळाचा दीर्घकाळचा गाभा होय. बास्केटबॉलच्या राज्य-अजिंक्यपद स्पर्धेत या आठही शाळांनी १९९२ पर्यंत किमान एकेकदा विजेतेपद मिळविले. त्यामुळे अमेरिकेतील शालेय क्रीडाक्षेत्रात हे मंडळ अत्यंत प्रबळ समजले जाई. तथापि त्याच्या इतिहासाचे महत्त्व विजेतेपदांपुरते मर्यादित नाही. मंडळात कोणत्या शाळा आल्या, कोणत्या बाहेर पडल्या आणि कोणत्या शाळांना अशा मंडळांची दारे मुळातच बंद होती, हे पाहिले असता त्या प्रदेशातील उद्योगधंदे, लोकवस्ती, वंशसंबंध व शिक्षणव्यवस्था यांत शंभर वर्षांत झालेले फेरबदल ध्यानात येतात.

क्रीडामंडळाचे स्वरूप : अमेरिकेत सामान्यतः नववी ते बारावी या चार इयत्तांच्या शाळेस हायस्कूल म्हणतात. प्रत्येक हायस्कूलचे निरनिराळ्या खेळांचे संघ असून ते इतर शाळांच्या संघांशी हंगामभर सामने खेळतात. पटसंख्या, परस्परांतील अंतर व खेळातील बळ या बाबतींत साधारणतः सारख्या असणाऱ्या काही शाळा एकत्र येऊन सामन्यांविषयी जो कायम स्वरूपाचा करार करतात, त्यातून ‘कॉन्फरन्स’ म्हणजे क्रीडामंडळ निर्माण होते. मंडळास स्वतःची नियमावली असते आणि सदस्य-शाळांचे प्राचार्य व क्रीडासंचालक त्याचा कारभार पाहतात. प्रत्येक शाळेने मंडळातील इतर प्रत्येक शाळेशी सामना खेळावा, असा सर्वसाधारण नियम असतो. या साखळी सामन्यांतून मंडळाचा विजेता ठरतो आणि हंगामाच्या अखेरीस मंडळातील उत्कृष्ट खेळाडूंची नावे जाहीर होतात.

सदस्यत्वाचा मुख्य लाभ हा व्यावहारिक असतो. इंडियानात फुटबॉलच्या नियमित हंगामात शाळेस नऊ सामने खेळावे लागतात. आठ शाळांच्या मंडळातील सदस्यास त्यांपैकी सात सामने आपोआप मिळतात; प्रतिस्पर्धी दोनच शोधावे लागतात. याउलट कोणत्याही मंडळात नसलेल्या शाळेस प्रत्येक आठवड्यासाठी नवा प्रतिस्पर्धी शोधावा लागतो. हंगामाच्या उत्तरार्धात बहुतेक शाळा आपापल्या मंडळाच्या सामन्यांत गुंतलेल्या असल्याने अशा शाळेस दूरचा प्रवास करावा लागतो किंवा तारीख मोकळी सोडावी लागते. तिकिटविक्रीतून येणारे उत्पन्न बहुधा जवळच्या व जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी होणाऱ्या सामन्यांवर अवलंबून असल्याने मंडळातील स्थान हा शाळेच्या क्रीडानिधीचाही प्रश्न असतो.

इंडियानातील क्रीडामंडळे ऐच्छिक आहेत, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. राज्यातील शालेय क्रीडास्पर्धांचे नियमन इंडियाना हायस्कूल अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन ही संस्था (स्थापना १९०३, यापुढे ‘राज्यसंस्था’) करते. राज्य-अजिंक्यपद स्पर्धेची रचनाही हीच संस्था ठरविते. कोणत्या शाळेने कोणत्या मंडळात असावे, हे मात्र शाळा आपापसांत ठरवितात. टेक्सस राज्यात याहून वेगळी पद्धत आहे. तेथील मध्यवर्ती संस्था पटसंख्येनुसार दर दोन वर्षांनी शाळांची गटवारी नव्याने करते व शाळेस तो गट स्वीकारावा लागतो. भारतात आंतरशालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा प्रशासकीय पायऱ्यांनी घेतल्या जातात. तेथे शाळेचे स्थान तिच्या गावावरून ठरते. इंडियानातील मंडळात प्रवेश मिळण्यास मात्र इतर सदस्यांची संमती लागते आणि कोणतीही शाळा पूर्वसूचना देऊन बाहेर पडू शकते. सदस्यांत होणाऱ्या फेरबदलांचे मूळ या ऐच्छिकतेत आहे.

मंडळातील यशाचा राज्य-स्पर्धेतील प्रवेशाशीही संबंध नसतो. बास्केटबॉलची राज्य-स्पर्धा १९११ पासून भरत आली आहे. स्थानिक गटापासून चढत्या पायऱ्यांनी ती बाद पद्धतीने खेळली जाते आणि मंडळाचा विजेता पहिल्याच आठवड्यात बाद होऊ शकतो. १९९७ पर्यंत या स्पर्धेत लहानमोठ्या सर्व शाळा एकाच गटात खेळत असत व राज्यास एकच विजेता मिळे.

उदयाची पार्श्वभूमी : पूर्व-मध्य इंडियानात १८८६ मध्ये नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले. स्वस्त इंधनामुळे मन्सी, अँडरसन, मॅरियन व कोकोमो या गावांकडे काच व धातू यांचे कारखाने आकृष्ट झाले. काचेच्या बरण्या तयार करणाऱ्या बॉल बंधूंनी १८८७ मध्ये आपला व्यवसाय मन्सीस हलविला. एल्वुड हेन्झ याने १८९४ मध्ये आपल्या मोटारगाडीची चाचणी कोकोमो येथे घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी वायूचे साठे संपुष्टात आले. परंतु तोपर्यंत या शहरांत कुशल कामगार व कारखानदारी स्थिरावली होती. पुढे मोटारींचे दिवे, विद्युत्‌ उपकरणे, गिअर यांसारखे सुटे भाग तयार करणे हा या पट्ट्याचा प्रमुख व्यवसाय झाला. लोगन्सपोर्ट हे रेल्वेचे केंद्र, रिचमंड हे ओहायओ राज्याच्या सीमेलगतचे औद्योगिक शहर, तर लाफीएट हे वॉबॅश नदीकाठचे व पर्ड्यू विद्यापीठाशेजारचे शहर होते.

ही शहरे आकाराने जवळजवळ सारखी होती आणि प्रत्येक शहरात गोऱ्या व काळ्या मुलांसाठी एकच मोठे सार्वजनिक हायस्कूल होते. त्यामुळे शाळेचा संघ हा संपूर्ण शहराचा संघ ठरला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट व हेलन लिंड यांनी १९२४-२५ मध्ये मन्सीची पाहणी करून १९२९ मध्ये मिडलटाउन हा ग्रंथ प्रसिद्ध केला. धर्म, वर्ग व राजकारण यांनी विभागलेले शहर शाळेच्या बास्केटबॉल-संघामागे कसे एकवटते, याची नोंद त्या ग्रंथात आढळते. समान आकाराच्या व समान अर्थव्यवस्थेच्या अशा शहरांनी एक मंडळ स्थापणे त्या काळी स्वाभाविक होते. आरंभीच्या काळात लेबानन व फ्रँकफोर्ट या तुलनेने लहान गावांच्या शाळाही मंडळात होत्या. राजधानी इंडियानापोलिसमधील आर्सेनल टेक्निकल ही मोठी शाळाही काही दशके मंडळाची सदस्य होती.

उत्कर्षकाळ : आठ प्रमुख शाळांनी मिळविलेली पहिली राज्य-अजिंक्यपदे पुढीलप्रमाणे : लाफीएट (जेफर्सन हायस्कूल) १९१६, मॅरियन १९२६, मन्सी सेंट्रल १९२८, न्यू कॅसल १९३२, लोगन्सपोर्ट १९३४, अँडरसन १९३५, कोकोमो १९६१ व रिचमंड १९९२. मन्सी सेंट्रलने १९२८ च्या अंतिम सामन्यात मार्टिन्झव्हिलचा १३–१२ असा पराभव केला. पराभूत संघात पुढे जगप्रसिद्ध प्रशिक्षक झालेला जॉन वुडन हा होता. मन्सी सेंट्रलने १९८८ पर्यंत एकूण आठ अजिंक्यपदे मिळविली. १९२६ ते १९९७ या काळातील बहात्तर राज्य-स्पर्धांपैकी तेवीस स्पर्धा या आठ शाळांनी जिंकल्या. १९७९, १९८५, १९८६, १९८७ व १९९२ या वर्षी तर अंतिम सामन्यातील दोन्ही संघ याच मंडळाचे होते. मॅरियनने १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद राखले.

या यशाचे दृश्य स्वरूप म्हणजे या शहरांनी उभारलेली प्रचंड क्रीडागृहे होत. सु. वीस हजार लोकवस्तीच्या न्यू कॅसलने १९५९ मध्ये नऊ हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय असलेले क्रीडागृह खुले केले. हायस्कूलचे जगातील सर्वांत मोठे क्रीडागृह म्हणून ते ओळखले जाते. अँडरसनचे ‘विगवॉम’ (१९६१) सु. नऊ हजार, तर रिचमंडचे टिअर्नन सेंटर (१९८४) आठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसाठी बांधण्यात आले. एका शाळेस एवढ्या आसनांची गरज भासावी, यामागे मंडळातील परस्परस्पर्धेचा मोठा वाटा होता. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री शेजारच्या शहराचा संघ येई, तेव्हा ही क्रीडागृहे भरून जात.

तुल्यबळ सदस्यांचे मंडळ व सर्वांना खुली असलेली राज्य-स्पर्धा यांतील फरक २० मार्च १९५४ रोजी प्रकर्षाने दिसून आला. त्या दिवशी इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाउसमध्ये, केवळ १६१ विद्यार्थ्यांची शाळा असलेल्या मायलन या खेड्याच्या संघाने मन्सी सेंट्रलचा ३२–३० असा पराभव केला. अखेरच्या क्षणी विजयी गोल बॉबी प्लंप याने केला. मायलनसारखी शाळा नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्सची सदस्य होऊ शकली नसती. परंतु राज्य-स्पर्धेत मात्र ती मंडळाच्या बलाढ्य सदस्यासमोर उभी राहू शकली. हूझिअर्स (१९८६) या चित्रपटास या घटनेचा आधार आहे. ‘हूझिअर’ हे इंडियानावासीयांचे रूढ नाव होय.

वर्णभेद व बहिष्कृत शाळा : ऐच्छिक संघटनांत कोणास घ्यावे याइतकाच कोणास घेऊ नये, हा प्रश्नही सदस्यांच्या हाती असतो. राज्यसंस्थेनेच १९४२ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या विभक्त शाळांना व कॅथलिक शाळांना सदस्यत्व दिले नव्हते. या शाळा सर्वांना खुल्या नाहीत, असे कारण त्यासाठी पुढे केले जाई. वस्तुतः काळ्या मुलांच्या शाळा विभक्त झाल्या होत्या त्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निर्णयामुळे. इंडियानापोलिस येथे १९२७ मध्ये उघडलेले क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल हे याचे ठळक उदाहरण आहे. शहरातील गोऱ्यांच्या शाळा त्याच्याशी सामने खेळण्याचे टाळीत. त्यामुळे अ‍ॅटक्सच्या संघास अन्य शहरांतील व शेजारच्या राज्यांतील काळ्यांच्या शाळांशी सामने खेळण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागे. इंडियानात शाळांमधील वर्णभेद कायद्याने १९४९ मध्ये रद्द झाला.

नॉर्थ सेंट्रलच्या शहरांत काळे विद्यार्थी गोऱ्यांच्याच हायस्कूलात शिकत असल्याने त्यांच्या संघांत काळे खेळाडू असत. अँडरसनच्या जॉनी विल्सनने १९४६ च्या अंतिम सामन्यात तीस गुण मिळवून शाळेस अजिंक्यपद मिळवून दिले. परंतु मध्य-पश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ या मंडळात काळ्या बास्केटबॉलपटूंना न घेण्याचा अलिखित संकेत असल्याने त्याला इंडियाना विद्यापीठाच्या संघात स्थान मिळाले नाही. व्यक्ती म्हणून काळा खेळाडू शाळेच्या संघात चालत असला, तरी काळ्यांची संस्था समान सदस्य म्हणून स्वीकारली जात नव्हती, ही या काळातील विसंगती होती.

राज्य-स्पर्धा खुली झाल्यावर ही विसंगती उघड झाली. ऑस्कर रॉबर्टसनच्या अ‍ॅटक्स संघाने १९५५ मध्ये मन्सी सेंट्रलचा ७१–७० असा निसटता पराभव केला व अंतिम सामन्यात गॅरी येथील रूझवेल्ट या काळ्या विद्यार्थ्यांच्याच शाळेस ९७–७४ असे नमविले. इंडियानापोलिसमधील शाळेने मिळविलेले हे पहिलेच राज्य-अजिंक्यपद होते. १९५६ मध्ये अपराजित राहून अ‍ॅटक्सने लाफीएट जेफर्सनचा ७९–५७ असा, तर १९५९ मध्ये कोकोमोचा ९२–५४ असा पराभव केला. ज्या शाळेशी एकेकाळी शेजारीही सामना ठरवीत नसत, तिने पाच वर्षांत दोनदा नॉर्थ सेंट्रलच्या सदस्यांना अंतिम सामन्यात हरविले.

शाळांचे एकत्रीकरण : इंडियानात १९३८ च्या राज्य-स्पर्धेत ७८७ शाळांनी भाग घेतला. १९५४ मध्ये ही संख्या ७५१ होती, तर १९९७ मध्ये ती ३८२ वर आली. या घटीचे प्रमुख कारण म्हणजे १९५९ मध्ये संमत झालेला शालेय पुनर्रचनेचा कायदा होय. त्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमून लहान शाळा एकत्र करण्याच्या योजना आखण्यात आल्या. विज्ञानाच्या प्रयोगशाळा, परकीय भाषांचे शिक्षण, प्रशिक्षित शिक्षक इ. सोयी लहान शाळांना परवडत नाहीत, हा या सुधारणेमागील युक्तिवाद सबळ होता. तथापि अनेक खेड्यांत शाळा ही एकमेव सार्वजनिक संस्था होती. ती गेल्यावर गावाच्या नावाचा संघ नाहीसा झाला व गावकऱ्यांना हिवाळ्यात एकत्र आणणारे ठिकाणही उरले नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतून भरणाऱ्या स्पर्धा आणि लहान शाळांची क्रीडामंडळे सदस्यांअभावी बंद पडली.

नव्या एकत्रित शाळांना बहुधा कोणत्याही एका गावाचे नाव दिले जात नसे. दिशा, नदी, जिल्हा किंवा थोर पुरुष यांवरून नावे ठेवली जात. मन्सीच्या परिसरातील लहान शाळा एकत्र करून स्थापलेली डेल्टा ही शाळा अशांपैकीच होय. पटसंख्या वाढल्याने अशा शाळा शहरी शाळांशी बरोबरी करू लागल्या. १९९७ मध्ये, सर्व शाळांसाठी एकच असलेल्या अखेरच्या राज्य-स्पर्धेत, डेल्टा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. लाफीएटच्या भोवतालच्या ग्रामीण शाळांच्या विलीनीकरणातून निर्माण झालेली हॅरिसन व मकचन ही हायस्कूले तर २०१० नंतरच्या दशकात नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्सचीच सदस्य झाली. ज्या गावांना पूर्वी या मंडळात प्रवेश मिळणे शक्य नव्हते, त्या गावांतील मुले अशा रीतीने मंडळात आली. परंतु आपापल्या गावाच्या नावाने नव्हे.

शहरी शाळांची वाढ व घट : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार उद्योगाच्या भरभराटीमुळे मंडळातील शहरांत एक हायस्कूल अपुरे पडू लागले. अँडरसनमध्ये मॅडिसन हाइट्स व हायलंड, मन्सीत साउथसाइड व नॉर्थसाइड आणि कोकोमोत हॉवर्थ अशी नवी हायस्कूले निघाली. ती अन्य मंडळांत सामील झाली, तर जुन्या शाळा नॉर्थ सेंट्रलमध्ये राहिल्या. १९७० नंतर मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने आकुंचित होऊ लागले व पुढे एकामागून एक बंद पडले. अँडरसनची लोकसंख्या १९७० मधील सु. ७०,८०० वरून २०२० मध्ये सु. ५४,८०० वर आली. मॅरियनची याच काळात सु. ३९,६०० वरून सु. २८,३०० वर उतरली. परिणामी नव्या शाळा बंद करण्यात आल्या : कोकोमो हॉवर्थ १९८४, मन्सी नॉर्थसाइड १९८८, मॅडिसन हाइट्स १९९७, अँडरसन हायलंड २०१० व मन्सी साउथसाइड २०१४. त्यांतील विद्यार्थी पुन्हा जुन्या नावाच्या शाळेत आले.

या स्थित्यंतराचा मागोवा मंडळाच्या सदस्य-यादीवरून लागत नाही, हे विशेष होय. यादीत अँडरसन, कोकोमो व मन्सी ही नावे अखंड दिसतात. मात्र त्या नावांखाली एका शाळेच्या तीन शाळा होऊन पुन्हा एक शाळा झाली. अँडरसनची शाळा तर मॅडिसन हाइट्स बंद झाल्यावर त्याच इमारतीत भरू लागली. खर्च न पेलल्याने अँडरसनचे विगवॉम हे क्रीडागृह २०११ मध्ये बंद करण्यात आले.

सदस्यत्वातील अलीकडचे बदल : मंडळांच्या पुनर्रचनेस विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेग आला. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील : (१) पटसंख्येतील तफावत. इंडियानापोलिसच्या उत्तरेकडील उपनगरे झपाट्याने वाढली. १९८० मध्ये केवळ सु. दोन हजार लोकवस्तीचे असलेले फिशर्स २०२० मध्ये सु. ९९,००० लोकवस्तीचे शहर झाले. कार्मेलची लोकसंख्याही त्या वर्षी सु. ९९,८०० होती. जुन्या औद्योगिक शहरांच्या शाळांना उपनगरांतील शाळांशी बरोबरी करणे अवघड झाले. फुटबॉलमध्ये खेळाडूंची संख्या मोठी लागत असल्याने ही तफावत विशेष जाणवते. (२) अंतर. रिचमंड ते लाफीएट हे अंतर सु. २०० किमी. आहे. सामने केवळ मुलांच्या दोन-तीन खेळांपुरते होते, तोवर ते चालून जाई. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा संघराज्याचा कायदा १९७२ मध्ये झाल्यावर मुलींचे संघ वाढले. इंडियानात मुलींची पहिली राज्य बास्केटबॉल-स्पर्धा १९७६ मध्ये झाली. ही वाढ न्याय्य व स्वागतार्ह होती. परंतु तीमुळे प्रवासाच्या फेऱ्या व खर्च वाढून जवळच्या प्रतिस्पर्ध्यांची गरज तीव्र झाली. (३) राज्य-स्पर्धेतील वर्गवारी. १९९७-९८ च्या हंगामापासून राज्यसंस्थेने बास्केटबॉलमध्ये पटसंख्येनुसार चार वर्ग केले. राज्य-स्पर्धेत लहान वर्गात खेळणाऱ्या शाळेस हंगामभर मोठ्या शाळांशी खेळण्याचे प्रयोजन उरत नाही. (४) विद्यार्थ्यांस शाळा निवडण्याची मुभा. खासगी शाळांच्या शुल्कासाठी शासकीय साहाय्य देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली. शिवाय शेजारच्या हद्दीतील सार्वजनिक शाळेत जाण्याची सोय वाढल्याने शहरी शाळांची पटसंख्या अस्थिर झाली.

याचा परिणाम नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्सवरही झाला. फ्रँकफोर्ट व लेबानन यांच्यासारख्या लहान शाळा पूर्वीच बाहेर पडल्या होत्या. २०१० नंतरच्या दशकात न्यू कॅसलनेही मंडळ सोडून आपल्या आकाराच्या व जवळच्या शाळांचे हूझिअर हेरिटेज कॉन्फरन्स हे मंडळ स्वीकारले. जगातील सर्वांत मोठे शालेय क्रीडागृह ज्या स्पर्धेसाठी उभे राहिले, त्या स्पर्धेतूनच त्याची मालक शाळा बाहेर पडली. दुसरीकडे आर्सेनल टेक्निकल ही जुनी सदस्य-शाळा अनेक दशकांनी परत आली. मॅरियनच्या अजिंक्यपदांवरूनही हा बदल दिसून येतो. या शाळेने २००० मध्ये सर्वांत मोठ्या शाळांच्या वर्गात राज्य-अजिंक्यपद मिळविले. २०१६ मधील तिचे अजिंक्यपद त्याखालच्या वर्गातील होते. खेळाचा दर्जा टिकून राहिला, तरी शाळा लहान झाली होती.

अशीच परिस्थिती राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील पोलाद उद्योगाच्या शहरांत अधिक तीव्र स्वरूपात उद्‌भवली. १९५५ चा उपविजेता आणि १९६८ व १९९१ चा विजेता असलेले गॅरी येथील रूझवेल्ट हायस्कूल २०२० मध्ये बंद झाले. हॅमंड शहरातील तीन हायस्कूले २०२१ मध्ये बंद करून त्यांच्या जागी एक नवे हायस्कूल सुरू करण्यात आले. अशा वेळी मंडळास सदस्यच उरत नाहीत आणि शिल्लक शाळांना अन्य मंडळांच्या संमतीवर अवलंबून राहावे लागते.

मूल्यमापन : क्रीडामंडळ हा समानांचा करार होय आणि ही समानता टिकते तोवरच तो टिकतो. नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्सच्या बाबतीत ही समानता नैसर्गिक वायू, मोटार उद्योग व प्रत्येक शहरातील एक सार्वजनिक हायस्कूल यांवर आधारलेली होती. हे आधार ढासळल्यावर सदस्यत्व बदलणे अपरिहार्य झाले. ऐच्छिक पद्धतीत जुन्या स्पर्धा व त्यांतून निर्माण झालेला जिव्हाळा पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो, हा तिचा मोठा गुण आहे. तथापि दुर्बल झालेल्या किंवा नकोशा वाटणाऱ्या शाळेस स्थान मिळेल याची तीत हमी नसते. १९४२ पूर्वी वर्णाने व धर्माने जे ठरत असे, ते पुढे पटसंख्या व शहराची आर्थिक स्थिती यांवरून ठरू लागले. दोन्ही प्रसंगी शाळेच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध अल्पच होता. मध्यवर्ती गटवारीच्या पद्धतीत प्रत्येक शाळेस जागा मिळते. परंतु दर दोन वर्षांनी प्रतिस्पर्धी बदलण्याचा संभव असल्याने परंपरा रुजणे कठीण होते. या दोहोंतील योग्य मेळ कोणता, याविषयी अमेरिकेतील राज्यांत एकवाक्यता नाही.

क्रिस्पस अ‍ॅटक्सचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९८६ मध्ये त्याचे हायस्कूलचे वर्ग बंद होऊन तेथे कनिष्ठ वर्गांची शाळा भरू लागली. २००६ मध्ये हायस्कूल पुन्हा सुरू झाले आणि २०१७ मध्ये त्याने पुन्हा राज्य-अजिंक्यपद मिळविले. लहान गावांतून बंद झालेल्या बहुतेक शाळांच्या वाट्यास मात्र असे पुनरुज्जीवन आले नाही. मायलनचे हायस्कूल टिकून राहिले. १९५४ च्या स्पर्धेत उतरलेल्या अन्य अनेक लहान शाळांची नावे त्या काळच्या सामन्यांच्या नोंदींतच उरली आहेत.